तुम्ही विचारलंत म्हणून: सोलापुरात आता उरलंय काय?

पुण्यात कुणाला गाव सोलापूर सांगितलं की आधी "अरे वा, चादर!" आणि मग ठरलेला प्रश्न, मिल तर सगळ्या बंद पडल्या ना, आता तिथे उरलंय काय? नेहमी हसून सोडून देतो, आज जरा सांगतोच.

मिल गेल्या हे खरंय. पहिली निघाली १८७७ साली, सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग, पण हे नाव कोण घेतंय, सगळ्यांना ती जुनी मिलच. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. आता भोंगे नाहीत, पण त्या भोंग्यांमागे जी माणसं आली ती कुठे जाणार? तेलंगणातून विणकर पद्मशाली आले, कर्नाटकातून कानडी, आसपासच्या दुष्काळी खेड्यांतून मराठी. आम्ही त्यातलेच, घरात तेलुगू, शाळेत मराठी, चौकात दखनी. आमची अव्वा, म्हणजे आजी, भाजीवालीशी कानडीत घासाघीस करायची, शिवी मात्र तेलुगूतच हासडायची. संक्रांतीला सिद्धेश्वराचे नंदीध्वज आणि गड्ड्याची जत्रा, नारळी पौर्णिमेला पद्मशालींच्या मार्कंडेयाचा रथ, आम्हाला दोन्ही आपलेच.

आणि ते मिलच्या "चिमणीच्या आठवणी" वगैरे वाचलं की मला थोडा रागच येतो बरं का. आजोबांची मिल बंद पडली तेव्हा घर चाललं ते आईच्या विड्यांवर. मांडीवर सूप, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, दोरा मारायचा, टोक दाबायचं, आणि हे सगळं टीव्हीवरची सिरीयल बघत, हाताकडे न बघता. पूर्व भागात कन्ना चौकाकडून आत शिरलात तर अजूनही कुठे मागाचा खडखडाट ऐकू येतो, टॉवेल निघतायत, आणि शेजारच्या उंबऱ्यावर कुणीतरी विड्या वळत बसलेलं असतं. यावर कुणी हळवं होऊन लिहीत नाही.

पोरं मात्र बाहेर पडतात, पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला. नाव हुतात्मा का, हे डब्यातल्या कितीजणांना माहीत असेल शंकाच आहे. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली, शहर पेटलं, मिलचे कामगार रस्त्यावर आले, सरकारने मार्शल लॉ लावला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिलं. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन. नावं नुसती वाचा, गाव कळेल.

पाणी अजून काही दिवसाआड येतं, उन्हाळा विचारूच नका, कडक भाकरी नि शेंगाचटणी तेवढी पार्सलने येते.

मग परत जाणार का? इतक्यात तरी नाही, माझ्या लाईनचं काम तिथे नाही आणि पोरीची शाळा इथे. मतदार यादीत नाव मात्र तिकडेच आहे, बायको म्हणते बदलून घ्या आता, मी आपलं बघू बघू करतोय.