नावांची भिंत आणि नाव नसलेली दफनभूमी

लंडनमध्ये येऊन आम्हाला सहा वर्षे झाली. प्रसिद्ध म्हणून सांगितली जाणारी ठिकाणे पहिल्याच वर्षी पाहून झाली आणि त्यानंतर गावाकडून पाहुणे आले की तीच पुन्हा दाखवायची, एवढेच उरले. म्हणून महिन्यातला एक शनिवार आम्ही दोघांनी राखून ठेवला. त्या दिवशी भाजी, कपडे, घरकाम सगळे बाजूला ठेवायचे आणि ऑफिसातल्या लंडनकर सहकाऱ्यांनीही ज्याचे नाव ऐकलेले नाही, अशा एखाद्या ठिकाणी जायचे. क्रिस्टल पॅलेसच्या बागेतले १८५४ सालचे सिमेंटचे डायनासोर, घोडागाड्या हाकणाऱ्यांना जेवणासाठी बांधून दिलेल्या आणि आज शहरभरात फक्त तेरा उरलेल्या हिरव्या लाकडी टपऱ्या, चर्चच्या माळ्यावरची जुनी शस्त्रक्रियेची खोली, असे बरेच काही या शनिवारांनी दाखवले. परंतु मागच्या महिन्यातला शनिवार अजूनही मनातून जात नाही. म्हणून त्याच एका दिवसाविषयी लिहीत आहे.

सेंट पॉल्स स्टेशनवर उतरून चार-पाच मिनिटे चालले की ‘पोस्टमन्स पार्क’ नावाची लहानशी बाग लागते. पूर्वी जवळच टपाल खात्याचे मुख्य कार्यालय होते आणि तिथले कर्मचारी दुपारचा डबा खायला येथे येत, म्हणून हे नाव. मुळात ही चर्चची दफनभूमी. कडेच्या भिंतींना टेकवून ठेवलेले थडग्यांचे दगड आजही दिसतात. बागेच्या एका बाजूला लाकडी छपराची ओसरी आहे आणि तिच्या मागच्या भिंतीवर चकाकत्या फरशांचे फलक ओळीने बसवलेले आहेत. हे फलक अशा सामान्य माणसांचे आहेत, ज्यांनी दुसऱ्याला वाचवताना स्वतःचा जीव गमावला.

ही कल्पना जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स या चित्रकाराची. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीला ५० वर्षे झाली आणि तो सोहळा कसा साजरा करावा याची सर्वत्र चर्चा चालू झाली. तेव्हा वॉट्स यांनी वृत्तपत्राला पत्र लिहून सुचवले की, रोजच्या आयुष्यात पराक्रम करून गेलेल्या सामान्य माणसांचे स्मारक उभारावे, कारण राष्ट्राची संपत्ती टिकत नाही, माणसांची कृत्ये मात्र टिकतात. ती सूचना त्या वेळी कोणी उचलून धरली नाही. शेवटी १९०० मध्ये ही ओसरी उभी राहिली, तेव्हा १२० फलकांच्या जागेत फक्त चार फलक बसले होते. वॉट्स १९०४ मध्ये गेले. त्यांच्या पत्नी मेरी यांनी काम पुढे नेले. आज तिथे ५४ फलक आहेत आणि बाकीची भिंत मोकळीच आहे.

आम्ही प्रत्येक फलक सावकाश वाचला. नाव, व्यवसाय, जागा, तारीख आणि काय घडले ते, एवढेच दोन-तीन ओळींत लिहिलेले. सोंगाच्या नाटकात काम करणारी सारा स्मिथ, जी मैत्रिणीच्या अंगावरची आग विझवायला धावली आणि स्वतःच्या पेट घेणाऱ्या पोशाखामुळे भाजली. बुडत्या जहाजावर स्वतःचा जीवरक्षक पट्टा दुसरीला देऊन जहाजाबरोबर खाली गेलेली सेविका मेरी रॉजर्स. तळ्यावरचा बर्फ फुटल्यावर अनेकांना बाहेर काढून थकव्याने मेलेला थॉमस सिम्पसन. आणि एका फलकापाशी मला पुढे वाचवेना. सॉलोमन गॅलामन, वय ११, कमर्शियल स्ट्रीटवर गाडीखाली जाणाऱ्या धाकट्या भावाला त्याने वाचवले आणि झालेल्या जखमांनी ६ सप्टेंबर १९०१ रोजी तो गेला. खाली त्याचेच शब्द आहेत : आई, मी त्याला वाचवलं, पण मला स्वतःला वाचवता आलं नाही.

त्या फलकाचा फोटो मी तिथूनच आईला पाठवला आणि फोनवर अर्थ सांगितला. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “त्या धाकट्याचं पुढं काय झालं गं?” याचे उत्तर भिंतीवर नव्हते.

याच भिंतीवर अ‍ॅलिस आयर्स हे नाव आहे आणि त्याच नावामागे आम्ही दुपारी नदी ओलांडली. वॉट्स यांनी आपल्या पत्रात उदाहरण म्हणून घेतले होते ते हिचेच. वीटकाम करणाऱ्याच्या हाताखालील मजुराची ही मुलगी, बहिणीच्या घरी राहून तिची मुले सांभाळत होती. बहिणीच्या नवऱ्याचे युनियन स्ट्रीटवर तेल आणि रंगांचे दुकान होते आणि कुटुंब दुकानाच्या वरच राहत होते. २४ एप्रिल १८८५ च्या रात्री दुकानाला आग लागली. खाली जमलेले लोक उडी मार म्हणून ओरडत असताना अ‍ॅलिसने खिडकीतून आधी गादी खाली टाकली आणि तीन वेळा आत जाऊन तिन्ही भाच्यांना एकेक करून त्या गादीवर सोडले. त्यानंतर तिने स्वतः उडी घेतली, परंतु धुराने तिच्यात त्राण उरले नव्हते. ती दुकानाच्या पाटीवर आदळली आणि दोन दिवसांनी गाय्ज हॉस्पिटलमध्ये वारली. तेव्हा ती २५ वर्षांची होती. युनियन स्ट्रीटजवळच्या एका गल्लीला १९३६ मध्ये तिचे नाव दिले गेले. आयर्स स्ट्रीटच्या पाटीखाली आम्ही उभे होतो, तेव्हा शेजारून माणसे कॉफीचे कप घेऊन निघून जात होती.

तिथून दोन मिनिटांवर रेडक्रॉस वे आहे आणि त्या रस्त्यावर एक लोखंडी फाटक आहे. फाटकाचे गज दिसत नाहीत, इतक्या फिती, सुकलेली फुले, मण्यांच्या माळा आणि चिठ्ठ्या त्यावर बांधलेल्या आहेत. ही ‘क्रॉस बोन्स’ दफनभूमी. मध्ययुगात या भागातील कुंटणखान्यांना विंचेस्टरच्या बिशपकडून परवाना मिळत असे, आणि त्याच स्त्रियांना मेल्यावर चर्चच्या पवित्र जमिनीत मात्र जागा मिळत नसे. त्यांना इथे पुरत, असे परंपरेने सांगितले जाते. पुढे ही गोरगरिबांची दफनभूमी झाली आणि १८५३ मध्ये, जागाच उरली नाही म्हणून, ती बंद करण्यात आली. सुमारे १५,००० माणसे इथे पुरली असावीत असा अंदाज आहे. १९९० च्या दशकात भुयारी रेल्वेच्या कामासाठी उत्खनन झाले तेव्हा १४८ सांगाडे मिळाले, त्यात लहान मुले फार होती. एकाच्याही उशाशी नाव कोरलेला दगड नाही. दर महिन्याच्या २३ तारखेला संध्याकाळी लोक या फाटकाशी जमतात आणि या मृतांची आठवण काढतात.

सकाळी नावांची भिंत पाहिली होती, म्हणून हे फाटक मला अधिक जड गेले. तिथे अकरा वर्षांच्या मुलाचे नाव, वय, शेवटचे शब्द टिकून आहेत आणि इथे हजारोंपैकी कोणाचेही काही नाही. मला आमच्या गावच्या शिवेवरचे वीरगळ (लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड) आठवले. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेताना, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. लहानपणी त्याच दगडाला पाठ टेकून आम्ही एसटीची वाट पाहत असू. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर नाव कोरलेले नसते. आमच्या दगडाच्या खालच्या चौकटीत गाई आहेत, म्हणजे गावची गुरे पळवून नेणाऱ्यांशी लढताना तो मेला असणार, एवढेच कळते.

मी पर्समधून केसांची लाल रिबन काढून फाटकाला बांधली. त्यावर काय लिहावे ते सुचेना, म्हणून कोरीच ठेवली. रात्री आईला हे सांगितले. रविवारी सकाळी उठले तर तिने पाठवलेला फोटो आला होता : वीरगळाभोवतीचे गवत काढलेले, दगड धुतलेला आणि गाईंच्या चौकटीवर जास्वंदीचे एक फूल.