त्यांचा ब्रॅडमन कोण?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हा विषय मी आपणहून काढत नाही, कारण एकदा सुरू झालो की बायको पानं वाढून, हाका मारून, शेवटी स्वतः जेवूनही मोकळी होते आणि माझं आपलं चालूच. प्रश्न नेहमीचाच आहे. पुण्याला फोन केला की मामा विचारतो, मंडळाच्या गणपतीत नवीन आलेली पोरं विचारतात, परवा भाच्याने विचारला: पंचवीस वर्षं तिकडे राहून बेसबॉल बघतोस ना, मग सांग, त्यांचा ब्रॅडमन कोण? आणि कशावरून?

आता क्रिकेटमध्ये हा वाद एका आकड्यात मिटतो. कसोटीतली ब्रॅडमनची सरासरी ९९.९४, विषय संपला, बाकीचे सगळे साठीच्या आसपास. बेसबॉलमध्ये आकड्यांचा नुसता पूर आहे पण असा एक आकडा नाही की जो टाकला आणि समोरचा गप्प बसला. त्यात आकडे काळाप्रमाणे इतके फिरतात की सरळ तुलना केली तर फसलात. १९३० साली नॅशनल लीगमधल्या (नॅशनल आणि अमेरिकन हे मेजर लीगचे, म्हणजे सगळ्यात वरच्या बेसबॉलचे, दोन भाग) झाडून सगळ्या बॅट्समनची मिळून सरासरी .३०३ होती, म्हणजे दहा वेळा खेळायला आले की तीनदा हिट, म्हणजे बॉल मारून सुखरूप बेस गाठला, आणि तीनदा म्हणजे तिथे चांगला बॅट्समन समजतात. १९६८ ला अमेरिकन लीगमध्ये जो पहिला आला त्याची सरासरी होती .३०१! म्हणजे एका साली जे रस्त्यावरचा कुणीही करत होता ते दुसऱ्या साली एकट्याला जमलं. त्याच १९६८ ला सेंट लुईसच्या बॉब गिब्सनने पिचरचा, म्हणजे त्यांच्या बोलरचा, जो हिशोब असतो, नऊ इनिंगमागे किती रन दिले, तो १.१२ वर आणला, आणि पुढच्या वर्षी लीगने काय केलं, तर पिचर ज्या उंचवट्यावरून टाकतो तो माउंडच १५ इंचांवरून १० वर आणला. एकट्या गिब्सनमुळे नाही, त्या वर्षी सगळेच पिचर माजले होते, पण नाव त्याचंच निघतं. त्यामुळे कुणी मला नुसता आकडा सांगितला की मी आधी साल विचारतो.

पण माझी खरी कसोटी आकड्यांची नाही, वजाबाकीची आहे. आणि ती माझी नाहीच मुळी, आमच्या घरमालकिणीची.

१९९९ च्या ऑगस्टमध्ये मी पिट्सबर्गला शिकायला आलो तेव्हा एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी वरची खोली भाड्याने घेतली होती. नवरा स्टील मिलमध्ये होता, गेलेला. संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात रेडिओवर पायरेट्सची मॅच लावून पेन्सिलीने स्कोअरकार्ड भरत बसायच्या. पायरेट्स म्हणजे आमची गावची टीम, १९९३ पासून जी हरायला लागली ती सलग वीस सीझन, आणि मी नेमका त्याच काळात त्यांचा भक्त झालो, तर ते असो. मला वाटलं होतं स्कोअरकार्ड म्हणजे आपल्यासारखंच, एक दोन चार डॉट. छे. तिथे प्रत्येक फील्डरला नंबर असतो, पाठीवरचा नव्हे, जागेचा. पिचर १, कॅचर म्हणजे त्यांचा विकेटकीपर २, फर्स्ट बेस ३, असं करत राईट फील्ड म्हणजे लांब उजवीकडचा तो ९. चौकटीत ६-४-३ लिहिलं की समजायचं बॉल सहाने उचलला, चारकडे टाकला, त्याने तीनकडे, दोघे आउट. स्ट्राइकआउट झाला, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन आउट, तर के, आणि बॅट न फिरवता नुसता बघत उभा राहून आउट झाला तर तोच के उलटा काढायचा, आरशात दिसतो तसा. हा उलटा के काढताना बाई पेन्सिल इतकी दाबायच्या की मागच्या पानावर उठायचा.

जुनी कार्डं बुटांच्या खोक्यांत. एकदा त्यातलं एक काढून त्यांनी एका चौकटीवर बोट ठेवलं. ९-२. म्हणजे राईट फील्डमधून बॉल थेट कॅचरकडे आला आणि रन पुरा करायला होमकडे, म्हणजे शेवटच्या बेसकडे, धावणारा रनर आउट. तो नऊ म्हणजे पायरेट्सचा रोबर्तो क्लेमेंते. बाई म्हणाल्या, त्याच्या हिट्स सगळे मोजतात, त्या सगळ्या पुसून टाक आणि मग बघ काय उरतं. मी म्हटलं काय उरतं, तर म्हणाल्या हे, आणि परत त्या चौकटीवर टकटक केलं. १९६१ च्या एका सीझनमध्ये त्याने राईट फील्डमधून असे थ्रो करून २७ आउटमध्ये हात लावला होता. पुढे पुढे तर रनर धावायचेच बंद झाले, तिसऱ्या बेसवर थांबून राहायचे, आणि न धावलेल्या रनरसाठी स्कोअरकार्डात खूण नसते, ही बाईंची कायमची तक्रार.

तेव्हापासून मी हेच करतो. माणूस ज्या गोष्टीसाठी प्रसिद्ध आहे ती काढून टाकायची आणि उरलेला माणूस टीमला हवा असता का बघायचं.

हँक ॲरन घ्या. ७५५ होमरन, म्हणजे आपले सिक्सरच म्हणा. १९७४ च्या एप्रिलमध्ये त्याने बेब रूथचा ७१४ चा रेकॉर्ड मोडला, त्याच्या आधी काळ्या माणसाने रूथला मागे टाकायचं म्हणून धमक्यांची पत्रं पोत्याने येत होती, आणि हा शांतपणे खेळायला येत होता. आता ते ७५५ काढून टाका, सगळेच्या सगळे, जणू मारलेच नाहीत. एकूण हिट्स ३७७१, त्यातून ७५५ गेले, उरले ३०१६. तीन हजार हिट्स म्हणजे आयुष्याचं सार्थक मानतात तिथे, आणि हे याचं उरलंसुरलं! हे गणित मी पहिल्यांदा कागदावर केलं तेव्हा दोनदा तपासलं होतं.

बेब रूथ, ज्याला आपल्याकडेही नावाने ओळखतात, तो १९२० ला ५४ होमरन मारत होता तेव्हा लीगमध्ये दोन नंबरच्या माणसाचे होते १९. हे झालं ब्रॅडमनसारखं. पण बॅट काढून घ्या त्याच्या हातातली, तर खाली कोण सापडतो? बॉस्टनचा डावखुरा पिचर, १९१६ चे २३ विजय, वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे त्यांच्या फायनलमध्ये, सलग २९ आणि दोन तृतीयांश इनिंग एकही रन न दिलेला, आणि हा रेकॉर्ड १९६१ पर्यंत टिकला. १९३२ ला ब्रॅडमन अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना यँकी स्टेडियममध्ये हे दोघे शेजारी बसून मॅच बघत होते, त्या बाकावर अजून एक जागा असती तर मी काय काय दिलं असतं.

विली मेज. ६६० होमरन वजा. १९५४ च्या वर्ल्ड सीरिजची पहिली मॅच, आठवी इनिंग, २-२, दोन रनर बेसवर, व्हिक वर्ट्झने बॉल सेंटर फील्डच्या पार टोकाला मारला आणि मेज पाठ करून धावतोय, बॉलकडे न बघता, आणि खांद्यावरून आलेला बॉल बाळाला घ्यावं तसा घेतला. तो कॅच सगळ्यांना माहितीये, यूट्यूबवर आहे. मला त्याच्या पुढचा सेकंद आवडतो, घेतल्या घेतल्या टोपी उडून जात असताना गर्रकन वळून केलेला थ्रो, नाहीतर रन गेलाच असता. बॅट नसती तरी या माणसाला मी रोज खेळवला असता.

टेड विल्यम्सला वजाबाकी जगानेच करून दिली. दुसऱ्या महायुद्धात तीन सीझन गेले, कोरियात जवळजवळ दोन, तरी ५२१ होमरन. आणि १९४१ चा शेवटचा दिवस. सकाळी सरासरी .३९९५५, म्हणजे पेपरात .४०० छापून येणार. मॅनेजर म्हणाला हवं तर बस. मी तुम्हाला खरं सांगतो, मी बसलो असतो. आमच्या घरात ३५ मार्कांना पास झालेला पेपर रीचेकिंगला टाकत नाहीत. हा गडी फिलाडेल्फियात त्या दिवशीच्या दोन्ही मॅच खेळला, आठात सहा हिट्स, .४०६. त्यानंतर आजतागायत अमेरिकन किंवा नॅशनल लीगच्या पूर्ण सीझनमध्ये कुणी .४०० ला पोचलेलं नाही.

भाच्याला अर्थातच यातल्या कुणात रस नाही, त्याला ओतानी पाहिजे. बरं, ओतानी, जो बॅटिंगही करतो आणि पिचिंगही. कोपराच्या ऑपरेशनमुळे २०२४ ला तो पिचिंग करूच शकला नाही, म्हणजे वजाबाकी आयतीच झाली, अर्धा माणूस बाद, आणि उरलेल्या अर्ध्याने ५४ होमरन मारले, ५९ बेस चोरले, म्हणजे हिट नसताना पिचरला चकवून पुढच्या बेसवर पळाला. पन्नास-पन्नास आधी कुणालाच जमलेलं नव्हतं. मग २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये दोन्ही अर्धे एकाच रात्री आले, मिलवॉकीविरुद्ध दहा स्ट्राइकआउट आणि तीन होमरन. भाच्याने तेव्हा रात्रभर मेसेज पाठवले. मी फक्त लिहिलं, मान्य.

आता हे गणित कुठे झोपतं तेही सांगायला हवं. सँडी कोफॅक्स. पहिली सहा वर्षं यथातथाच, मग १९६२ ते ६६ असा पिचर की पाचही वर्षं रन देण्यात लीगमध्ये सगळ्यात कंजूष, १९६६ ला २७ मॅच जिंकला आणि कोपर गेलं म्हणून तिशीत घरी. ती पाच वर्षं काढा, काही उरत नाही. आणि तरी कोफॅक्स ग्रेट नाही असं म्हणायची माझी हिंमत नाही. बाईंना विचारलं होतं, त्या म्हणाल्या, पिचर वेगळे, आणि कांदा चिरायला लागल्या.

बॅरी बॉन्ड्सचं नाव काढलं की मात्र त्या सुरी खाली ठेवायच्या. लोकांचं म्हणणं असतं की स्टेरॉइड्सच्या संशयाची वर्षं वजा करा, १९९८ पर्यंतच धरा, तरी तीनदा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, आणि ४०० होमरन-४०० स्टील्स (चोरलेले बेस) करणारा पहिला माणूस उरतो. गणित बिनचूक आहे. पण ७६२ होमरन असून हॉल ऑफ फेमच्या मतदानात दहा वर्षांत त्याला ७५ टक्के मिळाले नाहीत, शेवटच्या वर्षी ६६ वर अडकला. बाईंचा राग स्टेरॉइड्सचा नव्हताच. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये नॅशनल लीगच्या फायनलची अटलांटाविरुद्ध सातवी मॅच, शेवटची इनिंग, दोन आउट, हिट गेली लेफ्ट फील्डला बॉन्ड्सकडे, आणि दुसऱ्या बेसवरून धावत होता सिड ब्रीम, गुडघ्याची ऑपरेशनं झालेला, त्यांच्या टीममधला सगळ्यात सावकाश माणूस. बॉन्ड्सचा थ्रो जरासा बाजूला पडला. ब्रीम सेफ. सीझन खलास, बॉन्ड्स पैसे घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला, आणि आमची ती वीस वर्षांची साडेसाती सुरू. बाईंच्या त्या दिवसाच्या कार्डावर ७-२ ची, लेफ्ट फील्डकडून कॅचरकडे अशी, चौकट नाहीये. क्लेमेंतेने घेतला असता, एवढंच म्हणायच्या.

आणि याच गावातला एक असा की ज्याला पूर्णच वजा केला होता. जॉश गिब्सन, कॅचर, होमस्टेड ग्रेज. काळा, म्हणून मेजर लीग बंद. १९४७ च्या जानेवारीत पस्तिसाव्या वर्षी गेला, आणि तीन महिन्यांच्या आत, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन, मेजर लीगमधला आधुनिक काळातला पहिला काळा खेळाडू, ब्रुकलिनकडून मैदानात उतरला. मग २०२४ च्या मे मध्ये मेजर लीगने निग्रो लीगचे, म्हणजे काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीगचे, आकडे आपल्या वहीत घेतले आणि कारकिर्दीच्या सरासरीत .३७२ ने गिब्सन सगळ्यांच्या वर, आधी पहिला असलेल्या टाय कॉबच्याही. लोक कुरकुरतात की त्यांचे सीझन छोटे होते. होते ना. मोठे कुणी खेळू दिले नाहीत? मला यात आपले दलित बोलर पळवणकर बाळू आठवतात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ विकेट काढल्या, आणि पुण्याला त्यांचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात, हिंदू टीमची कॅप्टनशिप शेवटपर्यंत नाही. गिब्सनची कबर इथल्या ॲलेघेनी सेमेटरीत आहे, कित्येक वर्षं त्यावर दगडसुद्धा नव्हता. मी गेलो तेव्हा गवत वाढलेलं, पायानेच बाजूला केलं आणि मग लाज वाटून हाताने केलं.

म्हणजे ब्रॅडमन कोण? मामाला मी रूथ सांगतो, त्याला नाव माहिती आहे म्हणून. मंडळातल्या पोरांना मेज. स्वतःला विचारलं तर क्लेमेंते, आणि आकड्यांनी तो पहिल्या दहात बसणार नाही हे मला ठाऊक आहे, बाईंनाही होतं. ३००० हिट्स, बरोब्बर ३०००, शेवटची ३० सप्टेंबर १९७२ ला. त्या डिसेंबरात निकाराग्वात भूकंप झाला, आधी पाठवलेली मदत मधल्यामध्ये गडप होतेय कळल्यावर हा स्वतः पोर्तो रिकोहून सामानाने खच्चून भरलेल्या विमानात बसला, ३१ तारखेच्या रात्री, आणि ते विमान समुद्रात पडलं. तो सापडलाच नाही. त्याचा मित्र, टीमचा कॅचर मॅनी सँगियेन, अंत्यविधीच्या प्रार्थनेला न जाता पाणबुड्यांबरोबर समुद्रात शोधत होता.

१९७३ चा सीझन सुरू झाला तेव्हा राईट फील्डला टीमने त्याच सँगियेनला उभा केला. बाईंकडे त्या एप्रिलचं कार्ड होतं. सँगियेनच्या नावापुढे त्यांनी सवयीने २ लिहिलेला, मग खोडरबराने पुसून ९ केलेला, आणि तिथे इतकं घासलंय की कागदाला भोक पडलंय.