फक्त रात्री मंदावणारा ब्लोअर

गाडीचा ब्लोअर, म्हणजे एसीची हवा आत फेकणारा पंखा, दिवसा व्यवस्थित चालतो आणि रात्री मंदावतो, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या ग्राहकाकडे आमच्या धंद्यात कोणी गांभीर्याने पाहत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गाड्यांच्या वायरिंगचे आणि एसीचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, आणि ग्राहकाची पाठ वळताच त्याच्या तक्रारीची टिंगल करण्याची खोड मी जवळजवळ प्रत्येक गॅरेजात पाहिली आहे. हे ग्राहक शिक्षक होते. नोकरी वैभववाडीला आणि घर कोल्हापुरात असल्यामुळे त्यांना आठवड्याला करूळ घाटातून जा-ये करावी लागत असे. पावसाळ्यात गगनबावड्याच्या पुढे धुके दाटले की समोरची काच आतून धूसर होते. ती साफ ठेवण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे एसी चालू ठेवून कोरडी हवा जोराने काचेवर सोडणे. ब्लोअर मंदावला की काच धूसर होते आणि घाटातले वळण दिसत नाही. त्यामुळे सरांच्या दृष्टीने हा प्रश्न गारव्याच्या चैनीचा नव्हता.

गाडी 2004 सालची होती. त्या काळच्या साध्या गाड्यांत ब्लोअरची रचना सरळ असते. मोटर, गती बदलण्याचा स्विच आणि या दोहोंमध्ये करंट अडवून गती कमी करणारा रेझिस्टर. हा रेझिस्टर तापतो म्हणून तो मुद्दाम हवेच्या मार्गातच बसवलेला असतो, म्हणजे ब्लोअरचाच वारा त्याला थंड ठेवतो. खालच्या गती रेझिस्टरमधून जातात आणि सर्वांत वरची गती त्याला वगळून थेट मिळते. म्हणून फक्त वरची गती चालत असेल तर दोष बहुधा रेझिस्टरचा असतो, आणि मोटरच्या अंगावर हलकेच ठोकल्यावर ती सुरू होत असेल तर मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे कार्बन ब्रश झिजलेले असतात. सरांच्या गाडीत चारही गती चालत होत्या आणि रात्री चारही मंदावत होत्या. एवढे ऐकूनच रेझिस्टरला हात लावण्याचे कारण उरत नव्हते, तरीही तो बदललेला होता. मोटर आणि स्विचही बदललेले होते. तिन्ही जुने भाग सरांनी पिशवीत घालून बरोबर आणले होते. मोटर मी टेबलावर चालवून पाहिली, ती किती करंट ओढते ते मोजले, आणि ती पूर्ण निरोगी निघाली.

रात्री गाडीत असे काय चालू असते जे दिवसा बंद असते, एवढाच प्रश्न मी स्वतःला विचारला. भर दुपारी इंजिन चालू ठेवून ब्लोअर चौथ्या गतीवर लावला आणि हेडलाइटचे बटण फिरवले, तशी ब्लोअरच्या आवाजाची पट्टी उतरली. वायपर लावल्यावर ती आणखी उतरली. सर शेजारीच उभे होते. एवढे दिवस आपण हेच सांगत होतो, असे ते फक्त एकदा म्हणाले.

आता मोजणीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण सगळी गोम तिथेच होती. आमचे बहुतेक वायरमन मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला अडकवून ठेवतात आणि लाल टोक घेऊन गाडीभर फिरतात. तसे मोजले तर मोटरच्या पॉझिटिव्हवर, दिवे चालू असतानाही, 13.4 व्होल्ट दिसत होते, आणि ज्याने मोटर बदलली त्यानेही बहुधा हाच आकडा पाहून निकाल दिला असावा. मात्र मीटरची दोन्ही टोके मोटरच्याच दोन टोकांना लावली, तर आकडा 10.4 होता. उरलेले तीन व्होल्ट परतीच्या वाटेवर, म्हणजे अर्थिंगमध्ये हरवत होते. बॅटरीचे निगेटिव्ह आणि गाडीची बॉडी यांच्यामध्ये मीटर लावल्यावर त्यांतले 2.8 व्होल्ट तिथेच सापडले. चांगल्या अर्थिंगमध्ये हा फरक व्होल्टच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो.

बॅटरीपासून बॉडीला जाणारी वीतभर लांबीची काळी वायर वरून धडधाकट दिसत होती. थिंबलपाशी, म्हणजे बोल्टात अडकवायच्या टोकाच्या धातूच्या कडीपाशी, तिचे आवरण चिरल्यावर आतून हिरवी भुकटी सांडली, आणि तांब्याच्या ज्या काही तारा शाबूत होत्या त्या वाकवताच तुटल्या. बोल्ट काढल्यावर दिसले की थिंबलच्या खाली बॉडीवर रंगाचा जाड थर होता. कधीतरी डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्याने जागा न खरवडता रंगावरच बोल्ट आवळला होता. इंजिनापासून बॉडीला येणारी विणलेली पट्टी कोणीतरी आधीच काढून टाकलेली होती, त्यामुळे सगळ्या गाडीचा परतीचा करंट या एकाच वायरीवर येऊन पडत होता.

पुढची गोष्ट सरांनी सहज बोलता बोलता सांगितली. दिवे मंद वाटतात म्हणून त्यांनी एका दुकानातून 100/90 वॅटचे बल्ब बसवून घेतले होते. व्होल्टेज दहा टक्के घटले तर अशा बल्बचा प्रकाश तीस टक्क्यांच्या आसपास घटतो, तेव्हा दिवे मंद होण्याचे मूळही तीच कुजलेली वायर होती. मोठ्या बल्बांनी जास्त करंट ओढला, त्यामुळे वायरीतला तोटा वाढला आणि त्याची झळ ब्लोअरला लागली. अंधारावर केलेल्या उपायानेच काच धूसर केली होती. बल्ब विकणाऱ्याने एकदा मीटर लावला असता तर हे सारे टळले असते. पण मीटर लावून बल्ब खपत नाहीत.

जाड नवी वायर टाकली, बोल्टाखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत पत्र्यापर्यंत घासली, स्टार वॉशर घातला, वरून पेट्रोलियम जेली लावली, आणि इंजिनाची पट्टीही नव्याने बसवली. फरक 0.1 व्होल्टच्या खाली आला. 60/55 वॅटचे मूळ क्षमतेचे बल्ब परत लावल्यावर प्रकाश आधीपेक्षा चांगला पडला, आणि दिवे लावले तरी ब्लोअरच्या आवाजात फरक पडेना.

तरीही एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. मोटर बदलणारे मिस्त्री माझ्या ओळखीचे आहेत. ते शपथेवर सांगतात की त्यांच्या कामानंतर ब्लोअर काही दिवस उत्तम चालला होता, आणि सरही त्याला दुजोरा देतात. रेझिस्टर आणि स्विच बदलल्यानंतरही तसेच झाले होते. माझा अंदाज असा की प्रत्येक कामाआधी बॅटरी सोडवली गेली, त्या वेळी ती वायर पिळली गेली आणि आतल्या तारांचा संपर्क तात्पुरता सुधारला. म्हणजे प्रत्येक चुकीच्या इलाजाने गुण येत होता, आणि इलाज करणाऱ्याला आपले निदान चुकल्याचे कळण्याचा मार्गच उरत नव्हता. दुसरी शक्यता अशी की नेमके त्या दिवसांत पावसाने उघडीप दिली असावी, ना वायपर चालले ना काच धूसर झाली. यांतले खरे कोणते, हे ठरवायला ती जुनी वायर अखंड हवी होती, आणि ती तर मीच चिरून ठेवली आहे.

बिलात वायर, पट्टी आणि थिंबल यांची किंमत नगण्य होती. त्याखाली मी तपासणीची मजुरी वेगळ्या ओळीत लिहिली. सरांनी ती ओळ दोनदा वाचली. ज्या तिघांनी निरोगी भाग बदलले त्यांना त्यांनी घासाघीस न करता पैसे दिले होते, कारण त्या प्रत्येकाने त्यांच्या हातात खोक्यातून काढलेली नवी वस्तू ठेवली होती. मला मात्र त्यांनी विचारले, “दोष सापडला नसता तरी ही मजुरी लावली असती का?” मी हो म्हणालो. त्यांनी पैसे दिले, आणि पिशवीतली जुनी मोटर पुन्हा बसवून नवी परत करता येईल का, याची चौकशी करायला ते त्या मिस्त्रींकडे गेले.