जमिनीखालचे पाणी कोणाचे?

गेल्या मे महिन्यात शेजारच्या रानात बोअरची गाडी आली तेव्हा मी गावी होतो. रात्रभर कॉम्प्रेसर चालू होता आणि सकाळी उठून पाहिले तर बांधापासून आमच्या लिंबापर्यंत झाडांच्या पानापानावर काळ्या पाषाणाची राखाडी भुकटी बसली होती. 480 फुटांवर पाणी लागले आणि शेजाऱ्यांनी नारळ फोडून आम्हालाही प्रसाद आणून दिला. आमची विहीर आजोबांनी सात परस, म्हणजे सात माणसांच्या उंचीएवढी, खोल खोदलेली आहे आणि 1972 च्या दुष्काळातसुद्धा तिच्यात घरापुरते पाणी राहिले होते, असे वडील सांगतात. बोअर झाल्यावर तीन आठवड्यांच्या आत तिचा तळ दिसू लागला. शेजाऱ्यांशी एकदा बोलून पाहा, असे मी वडिलांना सुचवले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "त्याच्या जमिनीत त्यानं बोअर पाडला, आपण काय म्हणून बोलायचं?"

वडिलांनी कायद्याचे पुस्तक कधी उघडलेले नाही, पण त्यांचे बोलणे जुन्या कायद्याला धरूनच होते. इंग्रजांनी 1882 मध्ये केलेल्या सुविधाधिकार कायद्यानुसार, ठरावीक प्रवाहातून न वाहणारे जे पाणी जमिनीखाली असते, ते आपल्या हद्दीत हवे तेवढे उपसण्याचा हक्क जमीनमालकाला आहे. तो कायदा झाला तेव्हा विहिरीवर मोट चालत होती. दोन बैल दिवसभरात जेवढे ओढतील तेवढाच उपसा होता आणि रात्रीतून विहीर पुन्हा भरून येत असे. विजेची मोटर आली, पाठोपाठ बोअरची गाडी आली, तरी हक्काची व्याख्या मोटेच्या काळातलीच राहिली. आज भारत जगात सर्वाधिक भूजल उपसणारा देश आहे. वर्षाला सुमारे 240 ते 250 अब्ज घनमीटर पाणी आपण जमिनीखालून काढतो आणि त्यातले बहुतेक शेतीला जाते.

त्या महिन्यात मी राष्ट्रीय जलधोरणाचे तिन्ही दस्तऐवज, म्हणजे 1987, 2002 आणि 2012 चे, पुन्हा एकदा शांतपणे वाचले. पुनर्भरण होईल त्यापेक्षा जास्त भूजल उपसू नये आणि उपशाचे नियमन करताना सामाजिक न्यायाचाही विचार व्हावा, हे 1987 च्या धोरणातच लिहिलेले आहे. 2012 चे धोरण त्याच्या पुढे गेले. भूजल ही समाजाची सामायिक संपत्ती असून शासनाने ती विश्वस्त म्हणून सांभाळावी आणि 1882 च्या कायद्यातून जमीनमालकाला मिळणारा मालकीहक्क त्यासाठी बदलावा लागेल, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. आपल्या देशाच्या कोणत्याही सरकारी कागदावर पाण्याविषयी इतके नेमके क्वचितच लिहिले गेले असेल, असे मी मनापासून मानतो.

परंतु धोरण म्हणजे कायदा नव्हे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पाणी हा विषय राज्यसूचीत, सतराव्या नोंदीखाली आहे. केंद्राच्या हाती मुख्यतः आंतरराज्य नद्या येतात. त्यामुळे केंद्राने 1970 पासून भूजलाच्या आदर्श कायद्याचा मसुदा राज्यांकडे वारंवार पाठवला, तरी तसा कायदा करायचा की नाही आणि करून राबवायचा की नाही, हे राज्यांवरच राहिले. शिवाय धोरण एका बाजूला उपसा आवरायला सांगते आणि दुसऱ्या बाजूला शेतीची वीज सवलतीत मिळते, तेव्हा शेतकरी बिलाकडे पाहून चालतो. त्यात त्याचा दोष काढण्यासारखे काही नाही.

महाराष्ट्राने कायदा केला, हे आवर्जून सांगितले पाहिजे. भूजल विकास व व्यवस्थापनाचा 2009 चा अधिनियम 2014 मध्ये अमलात आला. शेतीसाठी किंवा उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा, म्हणजे साधारण 200 फुटांपेक्षा, खोल विहीर घेण्यास त्यात मनाई आहे. या मर्यादेमागे आपल्या भूमीची रचना आहे. राज्याचा चार पंचमांशाहून अधिक भाग काळ्या पाषाणाचा आहे. या खडकात पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि भेगांत. खाली जावे तसा खडक घट्ट होत जातो आणि तेथे लागणारे पाणी थोडे, मुरायला वर्षानुवर्षे घेणारे असते. तालुक्याच्या एका कार्यालयात मी 60 मीटरच्या मर्यादेबद्दल विचारले, तेव्हा समोरच्या कर्मचाऱ्याला असा काही नियम आहे हेच ठाऊक नव्हते. तो वागायला सौजन्यशील होता, त्याने नियमाचे नाव कागदावर लिहून घेतले आणि विषय तेथेच संपला.

म्हणूनच मला पुरंदर तालुक्यातील नायगावची आठवण पुन्हा पुन्हा येते. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तेथे पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर न ठरवता घरातील माणसांवर ठरवला गेला, माणशी अर्धा एकर भिजेल एवढा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे, भूमिहीन कुटुंबालाही वाटा होता आणि उसासारखे बारमाही पीक वर्ज्य होते. राष्ट्रीय धोरणाने 2012 मध्ये जे मालकीचे तत्त्व मांडले, ते त्याआधी तीन दशकांहून अधिक काळ एका अवर्षणप्रवण गावातील लोकांनी आपसांत मान्य करून पाळले होते, आणि तेही कोरडवाहू शेतकऱ्यांनी स्वतःचे पैसे घालून. हिवरे बाजारचे उदाहरण अधिक ओळखीचे आहे: शेतीसाठी बोअर बंद, ऊस आणि केळी बंद, आणि दरवर्षी पावसाचे मोजमाप करून ग्रामसभेपुढे पाण्याचा ताळेबंद. तेथे पिके या ताळेबंदावर ठरतात. पाऊस कमी झाला की जास्त पाणी पिणारे पीक त्या वर्षी घ्यायचे नाही, हे सर्वांना आधीच माहीत असते.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा मी शंभर फुटी टेप घेऊन गेलो. टेपच्या टोकाला लोखंडी नट बांधला, काठावर एक खूण ठरवली आणि पाण्याला नट लागल्याचा आवाज येईल तेथे आकडा वाचला. तेव्हापासून वडील दर महिन्याच्या एक तारखेला मोजतात आणि मोटरच्या खोलीच्या भिंतीवर खडूने लिहितात: नोव्हेंबर, 14 फूट, डिसेंबर, 17, जानेवारी, 22, फेब्रुवारी, 29. फेब्रुवारीचा आकडा लिहीत असताना शेजारी बांधावरून आले. त्यांच्या बोअरची मोटर तासभर चालली की हवा ओढू लागली आहे आणि बोअरसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते अजून दोन वर्षे फेडायचे आहेत. भिंतीवरचे चारही आकडे त्यांनी वाचले आणि वडिलांना विचारले, "तात्या, बोअरचं पाणी पण असं मोजता येतं का?"