सगळ्यात काळी पूड

मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरला दुपारी बारा वाजता गच्चीवर पाय ठरत नाही. आम्हाला मात्र तेच ऊन हवं होतं: त्याने पाणी फोडून हायड्रोजन काढायचा होता. रबरी बुचांचे तीन काचेचे फ्लास्क बर्फाच्या घमेल्यांत बसवले. बर्फ कोपऱ्यावरच्या रसवंतीतून आणलेला. फ्लास्कांत पाणी, थोडं मिथेनॉल आणि टायटॅनियम डायऑक्साइडची पूड: एकात पांढरी, दुसऱ्यात राखट निळी, तिसऱ्यात काळीकुट्ट. हायड्रोजन सुटायला मदत करणारं प्लॅटिनम तिन्हींवर सारखंच. आतली हवा आर्गॉनने हाकलली आणि ढवळणी सुरू केली.

पांढऱ्या पुडीचं दुखणं जुनं आहे. 1972 मध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी याच पदार्थाच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाणी फोडून दाखवलं. पण तो शोषतो फक्त अतिनील किरण, आणि उन्हात ते जेमतेम 5 टक्के. मराठवाड्यासारख्या मुलखात बाकीचं सगळं ऊन फुकट जावं, हे मला सोसत नाही. म्हणून पुडीने दिसणारा प्रकाशही शोषावा यासाठी स्फटिकातला थोडा ऑक्सिजन मुद्दाम काढायचा. 2011 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ही पूड 20 बार दाबाच्या हायड्रोजनमध्ये 200 अंशांवर पाच दिवस ठेवली आणि ती काळी झाली. तेवढा दाब पेलणारं भांडं आमच्याकडे नाही. आम्ही ऑक्सिजन ओढून घेणाऱ्या सोडियम बोरोहायड्राइडसोबत खलून आर्गॉनमध्ये 350 अंशांवर तापवतो. ऑक्सिजन निघून गेला की त्याचे इलेक्ट्रॉन मागे राहतात, टायटॅनियमचे काही अणू ते घेतात, आणि रंग गडद होत जातो.

"काळं रान कसदार असतंय, मॅडम," प्रयोगशाळेतले मामा घमेल्यात बर्फ टाकत म्हणाले. "हेच जिंकणार."

मलाही तसंच वाटत होतं.

दर अर्ध्या तासाला माझी विद्यार्थिनी सिरिंजने वायू ओढायची, दोन जिने उतरून वायू वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये टोचायची. निळसर पुडीचा हायड्रोजनचा पीक, म्हणजे आलेखातलं टोक, पांढरीपेक्षा चांगलाच उंच आला; जितकं उंच, तितका वायू जास्त. काळीचा पांढरीपेक्षाही ठेंगणा. गळती असेल म्हणून बूच बदललं, सिरिंज बदलली, पुन्हा आर्गॉन सोडून पहिल्यापासून सुरुवात केली. पीक तसाच.

तिसऱ्या खेपेला ती वर आली आणि घमेल्यांकडे पाहत थांबली. काळ्या फ्लास्कभोवतीचा बर्फ केव्हाच विरघळला होता. बाकी दोन्हींत खडे शिल्लक होते.

"मॅडम, ही ऊन सगळं पिते. पण त्याचा हायड्रोजन न होता नुसती उष्णता होते."

मी तिथेच पायरीवर बसले. आम्ही इतके दिवस रंगाकडे पाहत होतो. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन उसळतो आणि मागे धनप्रभारी होल, म्हणजे त्याची रिकामी जागा, उरतो. ऑक्सिजनची रिकामी जागा पृष्ठभागावर असेल, तर ती इलेक्ट्रॉनला अडवून धरते आणि पाण्याच्या रेणूला बसायला ठिकाण देते. तीच जागा कणाच्या पोटात खोल असेल, तर इलेक्ट्रॉन आणि होल तिथेच भेटतात आणि दोघेही संपतात. जास्त वेळ तापवून आम्ही दोष पोटापर्यंत नेले होते. जपानमध्ये डोमेन यांच्या गटाने तर 2020 मध्ये स्ट्रॉन्शियम टायटॅनेटमध्ये अॅल्युमिनियम घालून असे घातक दोष कमी केले, आणि अतिनील प्रकाशात 96 टक्क्यांपर्यंत क्वांटम कार्यक्षमता मिळवली, म्हणजे जवळजवळ प्रत्येक प्रकाशकण कामी लावला. तो निबंध मी स्वतः वर्गात शिकवला होता.

एक सांगायला हवं: मिथेनॉल होल खाऊन टाकतं, म्हणून आमचं काम सोपं होतं. याला मी पाण्याचं पूर्ण विघटन म्हणत नाही. तो पल्ला अजून लांब आहे.

संध्याकाळी तिने काळ्या पुडीतली चिमूटभर पूड उघड्या हवेत, कमी आचेवर भट्टीत ठेवली, थोडा ऑक्सिजन परत आत जावा म्हणून. मी घरी जा म्हटलं, पण ती थांबली. नऊच्या सुमारास मूस बाहेर काढली तेव्हा पूड पावसाळी आभाळाच्या रंगाची झाली होती.

दुसऱ्या दिवशी मामा न सांगता चौथं घमेलं घेऊन आले.