आमची वाटचाल : गोठ्यातली मस्टँग ते दोन गाळ्यांची वर्कशॉप

डेट्रॉइट शहराच्या पोटात, साधारण साडेतीनशे मीटर खाली, मिठाची मोठी खाण आहे. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मिशिगनमध्ये मीठच टाकतात आणि इथल्या जुन्या गाड्या त्या मिठानेच खाल्ल्या. गंजलेल्या जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करणं हे आमचं काम. आमचं पोट या गंजावर चालतं, म्हणून सुरुवात तिथून केली.

मी मूळचा कराडचा. पुण्यात इंजिनिअरिंग करून इकडे आलो आणि तीस वर्षं सस्पेन्शनचे भाग कॉम्प्युटरवर तपासले. निवृत्त झालो तेव्हा एकच रुखरुख होती : इतक्या वर्षांत एकही गाडी स्वतःच्या हाताने पूर्ण खोलली नव्हती. त्याच उन्हाळ्यात एका शेतावरच्या गोठ्यात 1967 ची फोर्ड मस्टँग सापडली. तिच्या कारखान्यातून मिळालेल्या ओळख-नंबराची सुरुवात 7एफ01सी. 7 म्हणजे 1967, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, 01 म्हणजे हार्डटॉप आणि सी म्हणजे 289 घनइंची व्ही-8, म्हणजे 4.7 लिटरचं इंजिन. आमच्या घरापासून अर्ध्या तासावर तयार झालेली गाडी! जाणकार हिला मसल कार (मध्यम आकाराच्या गाडीत मोठं, ताकदवान इंजिन) म्हणत नाहीत, पोनी कार (छोटी, स्पोर्टी गाडी) म्हणतात; मसल कारचा मान ते 1964 च्या पाँटिॲक जीटीओला देतात. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, पण त्या दिवशी माझ्या मनात ते आलंही नाही.

वरून रंग बरा होता. मागच्या चाकावरच्या पत्र्याला लोहचुंबक लावला, तर तो घसरून खाली पडला. तिथे पत्रा नव्हताच, बोटभर जाडीची लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली होती.

खरं दुखणं मात्र पुढे निघालं. या मस्टँगमध्ये समोरच्या काचेखाली जाळी असते. तिच्यातून पावसाचं पाणी दोन पत्र्यांच्या पोकळीत उतरतं आणि कडेने बाहेर जातं. आत हवेच्या झडपांभोवती टोपीसारख्या उभ्या कडा असतात. पाला साचला, ओल राहिली, की त्या कडा सडतात, आणि वरून काही म्हणजे काही दिसत नाही. सौ. टॉर्च घेऊन आत बसली आणि मी तांब्याने जाळीवर पाणी ओतलं. दुसऱ्या तांब्यालाच आतून आवाज आला, “अहो, थांबा! पाय भिजले माझे.”

हे दुरुस्त करायचं तर वरचा अख्खा पत्रा काढावा लागतो. स्पॉट वेल्डचा, म्हणजे दोन पत्रे ठिपक्याएवढ्या जागी जोडणारा, एकेक टाका ड्रिलने सोडवायचा, खालच्या पत्र्याला धक्का न लावता. मी दीडशेच्या पुढे मोजणं सोडलं. नवा पत्रा बसवतानाही सलग वेल्डिंग करून चालत नाही. पातळ पत्रा उष्णतेने ताणून लाटेसारखा होतो. एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, मग हात लावून पाहायचं, निवल्यावर पुढचा. हे मला शिकवलं ते आज माझे भागीदार असलेल्या शेजाऱ्यांनी. त्यांचं आयुष्य डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, बनवण्याच्या कारखान्यात गेलं. त्यांच्याइतका तयार हात मी दुसरा पाहिला नाही.

एक फटका बसलाच. बॉनेट रंग उतरवायला बाहेर दिलं होतं. तिथे वाळूचा मारा एवढ्या दाबाने केला की ते पापडासारखं वाकडं होऊन आलं, आणि भरपाई काही मिळाली नाही. तेव्हापासून बॉनेट, टप, दारं आम्ही हातानेच खरवडतो. वेळ जातो, पण पत्रा वाचतो.

तीन वर्षांनी गाडी ऑगस्टमधल्या वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे इथल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला, नेली. फोर्डच्या रूज कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ बराच वेळ दाराची फट बोटाने चाचपत उभे होते. शेवटी म्हणाले, “माझी करून द्याल?” तेच आमचं पहिलं गिऱ्हाईक.

आज आम्ही चौघं आहोत. हिशेब सौ. बघते. एका वेळी दोनच गाड्या घेतो. गाडीच्या बाजारभावापेक्षा खर्च जास्त होईल, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगतो. ऐकून काही जण परत जातात आणि ते योग्यच आहे. सडलेल्या जागी लांबी भरून आम्ही देत नाही. कापून काढलेला प्रत्येक सडका तुकडा खोक्यात ठेवून गिऱ्हाइकाच्या हवाली करतो, कारण रंगाखाली काय होतं हे त्याला कळायलाच हवं.

सध्या एका बाईंची 1965 ची मस्टँग आहे. वडिलांनी नवी घेतलेली, घरात आलेली पहिली गाडी. जाळीखालचा पत्रा गेल्या आठवड्यात बसला, सीलंटही वाळलं. येत्या शनिवारी त्यांना बोलावलंय. आत त्या बसतील, पाणी मी ओतेन.