टॉवेल पडला

मंगळवार, रात्र

गोल्फच्या सरावात आज दीड तासात टॉवेल एकोणीस वेळा पडला. मोजत होतो, कारण अभिमानाने मोजावं असं दुसरं काही घडत नव्हतं.

ड्रिल दिसायला सोपं आहे. छोटा टॉवेल छातीवरून आडवा घ्यायचा, दोन्ही टोकं काखेत धरायची आणि सात नंबरच्या आयर्नने, म्हणजे लोखंडी टोकाच्या काठीने, अर्धा स्विंग करायचा. हात छातीबरोबर वळले तर टॉवेल जागेवर राहतो. नुसते हात पळाले की तो पायाशी. माझे हात फार घाईत असतात.

खरं दुखणं स्लाइसचं. मी उजव्या हाताने खेळणारा. चेंडू निघतो बरा आणि मग उजवीकडे वळतो तो वळतोच. इतके महिने मी त्यावर उपाय म्हणून डावीकडे तोंड करून उभा राहत होतो. त्याने क्लब, म्हणजे गोल्फची काठी, आणखीच बाहेरून आत, चेंडूला आडवा कापत येतो. म्हणजे रोग मीच पोसत होतो!

म्हणून आज दुसरं ड्रिलही केलं. चेंडूच्या पलीकडच्या बाजूला, थोडं मागे, ड्रायव्हरचं, म्हणजे सर्वात लांब फटका मारायच्या क्लबचं, कव्हर ठेवायचं. क्लब बाहेरून आला तर आधी कव्हरला लागतो. पहिल्याच फटक्यात कव्हर उडालं, आणि चेंडूपेक्षा सरळ गेलं. शेजारचे गृहस्थ सभ्य निघाले, हसले नाहीत.

क्लब आणि चेंडू एकमेकांना जेमतेम अर्धा मिलिसेकंद भेटतात. तेवढ्यात हाताने काही सावरता येणं शक्यच नाही. जे व्हायचं ते आधीच ठरलेलं असतं. हे माहीत असूनही मी शेवटच्या क्षणी मनगट फिरवायला जातो. पाय जुळवून मारताना मात्र ही लबाडी चालत नाही, लगेच तोल जातो.

2004 मध्ये पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ मालिकेत, 9 स्पर्धा जिंकणारा विजय सिंग रेंजवर, सरावाच्या मैदानावर, तासन्तास सराव करायचा म्हणे. माझी कंबर दीड तासातच बोलायला लागली.

शेवटचे पाच चेंडू ड्रायव्हरने मारले. नको होतं, पण राहवलं नाही. चार उजवीकडे गेले. पाचवा सुतासारखा सरळ. त्यात नेमकं काय वेगळं केलं, ते घरी येईपर्यंत आठवत बसलो. नाही आठवलं.

उद्या पुन्हा टॉवेल. ड्रायव्हर गाडीतच ठेवणार आहे.